काटा कोणाचा, पट्टी कोणाच्या हाती?

(वणी, मारेगाव, राजुरा, कोरपना, भद्रावती या कोळसापट्ट्यातील तालुक्यांचे शेतकरी कार्यकर्ते निवेदन देण्यासाठी मुंबईला आले होते. त्यांचा एका रात्रीचा मुक्काम नवी मुंबईतील दिवाळे कोळीवाड्यात होता. त्या रात्री झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. जिल्हा बैठकीत वाचून दाखवावे आणि शेवटी दिलेल्या कामाची वाटणी तिथेच करावी.)

दिवाळ्याच्या कोळी दादांनो, मावश्यांनो आणि वणी-राजुऱ्याकडून आलेल्या माझ्या शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो,

जेवणे झाली. आपल्या शिदोरीतली ज्वारीची भाकरी आणि मावशींच्या हातचे कोळंबीचे कालवण. कोरडवाहू आणि खारे पाणी आज एका ताटात आले. आता थोडे बोलू.

सकाळपासून तुमच्यापैकी तिघा-चौघांनी मला एकच गोष्ट विचारली. आपला प्रश्न कापसाचा, ज्वारीचा आणि शिवाराला लागून असलेल्या कोळशाच्या खाणीचा. मग मुक्काम कोळीवाड्यात कशाला? मुंबईत धर्मशाळा काय कमी आहेत?

उत्तर या धक्क्यावर उभे राहिले की दिसते. समोर पनवेलची खाडी. पलीकडे रायगड जिल्हा. गव्हाण, उलवे आणि त्याच्या पुढे उरण. उरणला समुद्राखालून तेल आणि वायू येतो. तुमच्या शिवाराखालून कोळसा निघतो, यांच्या समुद्राखालून तेल निघते. दोघांच्या दारातून देशाची संपत्ती जाते आणि दोघांच्याही हातात पट्टी येत नाही. भाऊबंदकी जमिनीची असते तशी दुःखाचीही असते. म्हणून मुक्काम इथे.

काटा इकडे फिरवा

आधी घरची गोष्ट सांगतो. मी पाचवी-सहावीत असेन. वडिलांनी बंडीत कापूस भरला आणि खरेदी केंद्रावर नेला. दोन रात्री रांगेत काढल्या. बैलांचा कडबाही तिथेच संपला. तिसऱ्या दिवशी ग्रेडर आला. त्याने मूठभर कापूस उचलला, बोटात चोळला आणि म्हणाला, "ओला आहे. मातेरेही आहे." झाले, दर्जा खाली. मग बंडी काट्यावर गेली. काट्याचे तोंड त्यांच्याकडे आणि पाठ आमच्याकडे.

वडील म्हणाले, "साहेब, काटा जरा इकडे फिरवा."

साहेब हसले. "तुला वाचता येते का?"

वडील म्हणाले, "मला नाही येत. पोराला येते."

काटा फिरवला. मी आकडा मोठ्याने वाचला. मागच्या चार बंड्यांवाल्यांनी तो ऐकला. त्या दिवशी वजन वाढले की नाही हे मला आज आठवत नाही. एक मात्र आठवते. त्यानंतर त्या हंगामात काट्याचे तोंड बंडीकडेच राहिले. मागचा प्रत्येक जण म्हणायला लागला, "इकडे फिरवा."

मंत्रालयात आणि परिसंवादात आजकाल 'पारदर्शकता' हा शब्द फार चालतो. जड शब्द आहे. माझ्या बापाने तो कधी ऐकला नव्हता. पण त्याचा अर्थ त्याला पक्का ठाऊक होता. काटा इकडे फिरवा, एवढाच तो अर्थ.

कापूस विकताना आपण तीन गोष्टी विचारतो. माप किती भरले? भाव काय लावला? कट्टी किती कापली आणि कशाची? या तीन गोष्टींची मिळून पट्टी होते. पट्टी हातात नसेल तर आपण बाजारातून उठत नाही. मग माझा प्रश्न आहे, आपल्या शिवाराखालचा कोळसा गेली कित्येक वर्षे जातो आहे, त्याची पट्टी आपल्यापैकी कोणी पाहिली आहे? हात वर करा.

एकही हात नाही. ठीक आहे.

समुद्राची पट्टी

आधी आपल्या यजमानांचे ऐकू. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात तेल शोधले. त्याला आपण मुंबई हाय म्हणतो. १९७६ मध्ये तेल निघायला लागले. देशासाठी मोठी गोष्ट झाली, त्यात वाद नाही.

आता हिशेब बघा. राज्यघटनेच्या २९७ व्या कलमाप्रमाणे समुद्राच्या तळाखालची संपत्ती केंद्र सरकारची. त्यामुळे समुद्रातल्या तेलाचे स्वामित्वधन, म्हणजे आपण ज्याला रॉयल्टी म्हणतो ते, केंद्राच्या तिजोरीत जाते. आसाम आणि गुजरातमध्ये जमिनीवरच्या विहिरींतून तेल निघते, त्याची रॉयल्टी त्या राज्यांना मिळते. मुंबई हायच्या तेलात महाराष्ट्राला तसा वाटा नाही, मग उरणला कुठला आणि कोळीवाड्याला कुठला!

कोळ्याच्या वाट्याला काय येते? २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये तेलवाहिनी गळली आणि तेल उरणच्या किनाऱ्याला लागले. खडकावर तेल, जाळ्यावर तेल, तिवरांच्या मुळांवर तेल. आपल्या कापसावर कोळशाची धूळ बसते तसेच. फरक एवढाच की आपली धूळ पाऊस पडला तर धुऊन जाते.

आणि एकदा कोळ्यांनी पट्टी मागितली त्याचीही गोष्ट सांगतो. बंदराच्या विस्तारामुळे आमच्या मासेमारीच्या जागा गेल्या, तिवरे गेली, भरती-ओहोटीचे पाणी अडले, असे म्हणत उरण आणि गव्हाण परिसरातल्या चार कोळीवाड्यांचे लोक पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात गेले. २०१५ च्या फेब्रुवारीत निकाल लागला. १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी आणि ती बंदराचा न्यास, तेल आयोग आणि सिडको या तिघांनी मिळून भरावी असा आदेश झाला.

या निकालात मला रकमेपेक्षा १,६३० हा आकडा मोठा वाटतो. 'बरेच मच्छीमार', 'काही बाधित', 'स्थानिक लोक' असल्या शब्दांवर कोणी भरपाई देत नाही. किती कुटुंबे, कोणत्या गावची, किती दिवस धंदा बुडाला, याचा आकडा कागदावर आला तेव्हा न्यायाधिकरणाला ते दिसले. ज्याची मोजणी नाही त्याची भरपाई नाही. हे वाक्य आपण घरी घेऊन जायचे आहे.

फाळ जाईल तेवढाच सातबारा

आता आपल्याकडे या. सातबारा आपल्या नावाचा. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे ४८ वे कलम वाचा. जमिनीखालचे खनिज शासनाचे. म्हणजे सातबारा आपला, पण नांगराचा फाळ जाईल तेवढ्याच खोलीपर्यंत! कोळशासाठी जमीन घ्यायची तर १९५७ चा कोळसाधारी क्षेत्र कायदा आहेच. खुली खाण झाली की तिच्यातले पाणी पंपाने उपसावे लागते आणि आजूबाजूच्या विहिरी खाली जातात. कापूस काळवंडला की व्यापारी भाव पाडतो. ही कट्टी आपल्याकडून रोज कापली जाते आणि तिची पट्टी कोणीच लिहीत नाही.

पण इथे कोळी दादांत आणि आपल्यात एक फरक आहे. तेलाच्या किनाऱ्यासाठी बाधितांचा कायम निधी असा कायद्यात नाही. खाणीच्या जिल्ह्यासाठी आहे. २०१५ मध्ये खाणी आणि खनिजांच्या कायद्यात ९ब हे कलम आले. त्याने प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापायला सांगितले. ते खाणीमुळे बाधित झालेल्या लोकांच्या आणि गावांच्या हितासाठी. दान म्हणून नाही, बरे का! खाणवाल्याने शासनाला जी रॉयल्टी द्यायची, तिच्यावर आणखी काही टक्के या प्रतिष्ठानात भरायचे. जुन्या पट्ट्यांसाठी रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावाने नव्याने दिलेल्या खाणींसाठी १० टक्के.

बोटांवर हिशेब करू. कोळशाची रॉयल्टी २०१२ पासून किमतीच्या १४ टक्के आहे. सोयीसाठी कोळसा टनाला १,००० रुपये धरा. खरा भाव प्रतीप्रमाणे वेगळा असतो, आपण फक्त हिशेब शिकतो आहोत. टनामागे रॉयल्टी झाली १४० रुपये. तिचे ३० टक्के, म्हणजे ४२ रुपये प्रतिष्ठानात. आता एका हायवात २० टन धरा. तुमच्या फाट्यावरून दिवसात १० हायवा गेल्या तर २०० टन. २०० गुणिले ४२ म्हणजे ८,४०० रुपये. एका दिवसाचे. वर्षाचा गुणाकार घरी जाऊन पोरांकडून करून घ्या.

म्हणजे तुमच्या दारावरून जाणारी प्रत्येक हायवा धूळ तर टाकतेच, पण तुमच्या जिल्ह्याच्या नावाने काही पैसेही टाकते. धूळ डोळ्यांत जाते म्हणून दिसते. पैसे कुठे जातात?

कायद्यातला काटा आणि गावातला काटा

पैसे कुठे जातात हे सांगायची सोय कायद्यात नाही असे नाही. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेची मार्गदर्शक तत्त्वे २०१५ मध्येच निघाली. त्यांत लिहिले आहे की बाधित गावांची आणि लाभार्थींची यादी, दर तिमाहीला जमा झालेला निधी, बैठकांची कार्यक्रमपत्रिका आणि इतिवृत्त, वार्षिक आराखडा, मंजूर कामे, हे सगळे लोकांसाठी खुले ठेवावे. दरवर्षी लेखापरीक्षण व्हावे. आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत वार्षिक अहवाल द्यावा. निधीचा मोठा हिस्सा पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण अशा कामांवर खर्च करावा. तो आधी किमान ६० टक्के होता. २०२४ च्या जानेवारीत तत्त्वे बदलली आणि तो ७० टक्के झाला. किमान ७० टक्के निधी प्रत्यक्ष बाधित क्षेत्रात खर्च करावा आणि खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतला भाग प्रत्यक्ष बाधित धरावा, असेही नव्या तत्त्वांत आले. अनुसूचित क्षेत्रात तर कामांना ग्रामसभेची मंजुरी लागते आणि वर्षअखेर केलेल्या कामांचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. राजुरा आणि मारेगावकडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्या गावच्या लोकांनी हे नीट ऐकावे.

मग गाडी अडते कुठे? ऐका.

पारदर्शकता जिल्ह्याच्या आकड्यात असते, आपण राहतो गावात. जिल्ह्याला इतके कोटी आले, इतके कोटी खर्च झाले, असा कागद भिंतीवर लावला की कायद्याचे पोट भरते. पण माझ्या गावाशेजारच्या खाणीतून किती टन निघाला आणि त्यातले माझ्या गावात काय आले, हे त्या कागदात शोधून सापडत नाही. बाजार समितीने वर्षअखेरीला सांगितले की यंदा आवारात इतके लाख क्विंटल कापूस आला, तर त्यावरून माझ्या बंडीचे वजन मला कळेल का? मला माझी पट्टी पाहिजे.

वरच्या पातळीवर काटा फिरला, हे मान्य केले पाहिजे. १९९३ पासून कोळशाचे पट्टे एका समितीत बसून वाटले जात होते. कोणाला का दिला, कोणाला का नाही, याचा धड निकष नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये ते वाटप बेकायदा ठरवले आणि सप्टेंबरमध्ये २०४ पट्टे रद्द केले. त्यानंतर लिलाव सुरू झाले. बोली लावणाऱ्यांना बोली दिसायला लागली. चांगले झाले. पण ज्याच्या शिवाराखालून कोळसा निघतो तो बोलीला बसत नाही. त्याच्याकडे काट्याची अजून पाठच आहे.

दोन पुरावे

कागद कचेरीत असणे आणि कागद गावात असणे यात किती अंतर असते, त्याचे दोन पुरावे देतो.

पहिला गोव्याचा. तिथे लोहखनिजाच्या खाणी. शेतात लाल चिखल, रस्त्यात ट्रकांची रांग. २०१२ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ते पट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले होते, तेव्हा त्यानंतरचे खाणकाम बेकायदा. म्हणजे जवळजवळ पाच वर्षे मुदत संपलेल्या पट्ट्यावर माल जात होता! गावातल्या शेतकऱ्याला साधी गोष्ट माहीत नव्हती की या खाणीची मुदत कोणत्या तारखेला संपते. आपल्याकडे कोणी ठोक्याने शेत केले तर मुदत कधी संपते हे अख्ख्या गावाला पाठ असते. खाणीचे मात्र कोणी विचारत नाही. त्याच निकालात न्यायालयाने विक्रीच्या १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितली. खनिज एकदाच निघते, कापसासारखे दरसाल उगवत नाही. म्हणून त्याचा हिशेब कापसापेक्षा कडक पाहिजे.

दुसरा पुरावा आपल्या घरचा. घुग्गुस. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या आमराई वॉर्डात एक राहते घर जमिनीत गेले. घरातली माणसे वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. आजूबाजूची कुटुंबे हलवावी लागली. आता मला सांगा, खाण खोदताना नकाशा काढावाच लागतो. कुठे पोकळी आहे, किती खोल आहे, हे नकाशात असते. तो नकाशा घर बांधणाऱ्याच्या हातात कधी पडला असता तर? पारदर्शकता नुसत्या पैशाची गोष्ट नाही. पायाखाली जमीन आहे की भोक आहे, हे कळण्याचा तो हक्क आहे.

बाहेरच्या देशांत काय करतात

हा प्रश्न आपल्याच देशात आहे असे नाही. तेल आणि खाणींच्या देशांत पैसा येतो आणि गरिबी हलत नाही, हे जगभर दिसले. म्हणून २००२-०३ मध्ये इंग्लंडच्या पुढाकाराने एक आंतरराष्ट्रीय उपक्रम निघाला. कल्पना आपल्या बाजारातलीच आहे. कंपनीने लिहावे की सरकारला किती दिले, सरकारने लिहावे की कंपनीकडून किती मिळाले, आणि तिसऱ्याने दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताळा करावा. व्यापाऱ्याची वही आणि शेतकऱ्याची वही जुळते का, एवढेच. पन्नासहून अधिक देश त्यात आहेत. भारत नाही. नायजेरियाने तर २००७ मध्ये त्यासाठी कायदा केला. दोन वह्या जुळवल्या तेव्हा तफावत निघाली. निघणारच! मापात पाप कुठे नसते?

पण मला त्याहून घाना देशाची गोष्ट आवडते. तिथे २०१० मध्ये समुद्रातून तेल निघायला लागले. २०११ च्या कायद्याने त्यांनी लोकांची एक देखरेख समिती नेमली. तिच्यात कामगार संघटना, पत्रकार, वकील, धर्मसंस्था, पारंपरिक प्रमुख यांचे प्रतिनिधी. ही समिती तेलाच्या पैशाचा अहवाल काढते, जिल्ह्यांत जाऊन लोकांपुढे बसते आणि तेलाच्या पैशातून झालेली कामे जागेवर जाऊन पाहते. काम कागदावर आहे, पण जमिनीवर आहे का?

हे आपल्याला करता येणार नाही असे कोण म्हणतो? पैसेवारीच्या वेळी तलाठी बांधावर न येता आकडा लिहितो म्हणून आपण भांडतो की नाही? तसेच हे.

आपण काय करायचे

आता कामाचे बोलू. मोठा मोर्चा नंतर काढू. आधी एक गाव, एक खाण, एक वर्ष, एवढाच हिशेब घ्यायचा. प्रत्येक तालुक्यातून निदान एक गाव पाहिजे.

पहिले काम. खाणीकडून तीन आकडे मागायचे. त्या वर्षात किती टन कोळसा बाहेर गेला, रॉयल्टी किती भरली, प्रतिष्ठानात किती भरले. कंपनी सार्वजनिक क्षेत्रातली असेल तर तिच्या क्षेत्रीय कार्यालयात जनमाहिती अधिकारी असतो. अर्ज त्याच्याकडे. खाजगी असेल तर हेच आकडे जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे मागायचे.

दुसरे काम. जिल्हाधिकारी कार्यालयात, प्रतिष्ठानाकडे अर्ज. त्या खाणीकडून त्या वर्षी किती जमा झाले आणि आपल्या गावच्या नावाने कोणती कामे मंजूर झाली. हे दोन आकडे शेजारी ठेवायचे. कंपनी म्हणते दिले, प्रतिष्ठान म्हणते मिळाले. जुळले तर आनंद. नाही जुळले तर तफावतीचे कारण विचारणारा तिसरा अर्ज.

तिसरे काम. गावात फिरून पाहणी. कागदावर पाण्याचे यंत्र आहे, ते चालू आहे का? शाळेची खोली आहे, ती आपल्याच गावची आहे का? तारखेसह फोटो काढा, पाच जणांच्या सह्या घ्या.

चौथे काम. हा सगळा कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचायचा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. वाचल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्यायची. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांनी कामांच्या मंजुरीचा ठराव आधी दाखवा असा आग्रह धरायचा.

अर्ज कसा लिहायचा? माहितीच्या अधिकाराची लढाई याच महाराष्ट्रात लढली गेली. राज्याचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. नाही आले तर पहिले अपील, मग दुसरे. राज्याच्या कार्यालयाचे दुसरे अपील राज्य आयोगाकडे, केंद्राच्या कंपनीचे दिल्लीच्या आयोगाकडे. इथे गल्लत करू नका. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द. आपल्याला अर्जात गाऱ्हाणे लिहायची सवय आहे. 'माझा बाप गेला, विहीर आटली, साहेब न्याय द्या.' ते मोर्चात बोला. अर्जात आकडा मागा. प्रत मागण्याऐवजी फाईल पाहायलाही मागता येते. २०१८ मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढून जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ लोकांना कागद पाहू द्यावेत असे सांगितले. ते परिपत्रक खिशात ठेवा.

अडचणी येतील. लाभार्थींची नावे मागितली तर 'व्यक्तिगत माहिती' म्हणून नकार मिळेल. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती कायद्याने ती वाट आणखी अरुंद केली आहे. म्हणून आधी माणसे मागू नका, कामे मागा. काम कुठे, किती रुपयांचे, ठेकेदाराला किती दिले. रस्ता काही कोणाची खाजगी बाब नाही. आणि अर्ज एकट्याने करू नका. वीस जणांनी वीस अर्ज केले की धमकी कोणाला द्यायची हेच कळत नाही. काट्यापुढे माझा बाप एकटा होता, पण मागे चार बंड्या होत्या, हे विसरू नका.

दोन कडू गोष्टी

शेवटी दोन कडू गोष्टी सांगतो, रागावू नका.

एक. काटा दिसला म्हणजे भाव मिळाला असे होत नाही. हिशेब हातात आला तरी पैसा आपोआप गावात येणार नाही, धूळ आपोआप बसणार नाही, विहिरीचे पाणी वर येणार नाही. हिशेब हे हत्यार आहे, पीक नाही. कोळपे विकत आणून ओसरीत टांगले तर तण जात नाही. पण हत्याराशिवायही तण जात नाही. गेली कित्येक वर्षे आपण हाताने उपटतो आहोत आणि थकलो आहोत.

दुसरी जास्त कडू. हिशेब मागायला निघालो की कधीतरी आपल्याच माणसाचे नाव निघेल. त्या निधीतल्या सिमेंट रस्त्याचा ठेका आपल्याच सरपंचाच्या भाच्याकडे असेल. खाणीतल्या हायवा आपल्यातल्याच कोणाच्या नावावर असतील. तेव्हा काय करणार? पान उलटणार? ज्या दिवशी आपण आपल्या माणसाचे पान उलटले, त्या दिवशी साहेबाचे पान उघडायचा आपला हक्क संपला. म्हणून सुरुवात इथूनच. या मुंबई दौऱ्याची वर्गणी किती जमली, गाडीभाडे किती झाले, किती उरले, तो कागद मी या खांबावर लावला आहे. झोपण्याआधी प्रत्येकाने वाचावा. चुकले असेल तर सकाळी चहाच्या वेळी सर्वांपुढे सांगावे.

भावांनो, मायबहिणींनो, पहाटे ओहोटी-भरतीच्या हिशेबाने इथल्या होड्या येतील. उठून बघा. मासळी पाटीत सगळ्यांपुढे ओतली जाते. मावशी हात घालून खालची मासळी वर काढून पाहते, कारण वरची ताजी आणि खालची शिळी असू शकते हे तिला माहीत आहे. भाव तोंडावर ठरतो. त्या मावशीला कोणी पारदर्शकतेचे धोरण शिकवले नाही. ती पाटी उलटून बघते, बस.

आपणही तेवढेच करायचे. जिल्ह्याची पाटी वरवर ताजी दिसते. हात घालून खालचे वर काढायचे. आज रात्री प्रत्येक तालुक्याने एक गाव आणि एक खाण ठरवावी, नाव माझ्याकडे लिहून द्यावे. पुढच्या जिल्हा बैठकीत भाषण नको. कोणता अर्ज गेला, कोणते उत्तर आले, एवढेच वाचू.

आणि कोळी दादांनो, तुमच्यासाठी असा निधी कायद्यात नाही. आज मुंबईला दिलेल्या निवेदनात आपण आपल्या मागण्यांखाली एक ओळ वाढवली आहे. तेलाच्या किनाऱ्यालाही खाणीच्या जिल्ह्यासारखे प्रतिष्ठान मिळावे. तुमच्या कालवणाला आम्ही जागलो असे समजा.

आता झोपा. पण आधी खांबावरचा कागद वाचा.